शेती नाही, गाव नाही, तरी बीएस्सी अ‍ॅग्री? मुलुंडच्या मुलीसाठी सल्ला हवा आहे

मुलुंडची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे, पीसीबी ग्रुप. आम्ही सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की नीट देईल, नाही जमलं तर फार्मसी किंवा बायोटेक. आता ती म्हणते, मला कृषी महाविद्यालयात जायचंय. तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, "नांगर सोडला म्हणून तर मुंबईला आलो, आणि ही परत चिखलात जाणार?" नवऱ्याचं म्हणणं, सरकारी कॉलेज मिळालं तर फी झेपेल, पण चार वर्षांनी पुढे काय?

आमच्या नावावर एक गुंठाही नाही. आजेसासऱ्यांची जमीन होती, ती कुळाकडे गेली. लेकीला स्वतः शेती करायचीय असंही नाही. तिला झाडं, माती, रोग-किडी यांत रस आहे, जीवशास्त्राच्या पुस्तकात वनस्पतींचाच भाग आधी वाचून झालेला असतो. मला एवढंच विचारायचंय की सातबारा नसलेल्या मुंबईच्या मुलीला या पदवीचा उपयोग काय? नोकऱ्या नक्की कोणत्या? मुलींना फिरतीची कामं देतात का? या क्षेत्रात असलेल्यांनी मोकळेपणाने लिहा. माझ्या ओळखीत या वाटेने गेलेलं कोणीच नाही.

कढीपत्ता

आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या कढीपत्त्यावर पांढरी कीड आलीय आणि त्यावरून दोन विंग एकमेकींशी बोलत नाहीत. तुमच्या लेकीची पहिली नेमणूक इथेच करून टाका!

नांगरट

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी एका सरकारी कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली. आमच्या वर्गातली बहुतेक पोरं दुसऱ्या वर्षापासूनच एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसायची. प्लॉटवर हजेरीपुरतं जायचं आणि संध्याकाळी अभ्यासिकेत. जागा निघतात मोजक्या, अर्ज येतात ढिगाने, आणि वयाची पंचविशी-तिशी परीक्षा देण्यात जाते. मी स्वतः आज ठाण्यात विमा कंपनीत आहे. पदवी वाईट नाही. पण "कृषी अधिकारी होईल" या एका आशेवर पाठवणार असाल तर पाठवू नका.

बोर्डो_मिश्रण

नांगरट यांचं परीक्षांबद्दलचं म्हणणं खरं आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. मी दादरची. शाळा-कॉलेज दादरलाच, घरात शेती शून्य. पदवी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून केली आणि आता पालघर जिल्ह्यात शेतकऱ्यांबरोबर काम करते. त्यामुळे मूळ प्रश्नाचं उत्तर मला अगदी आतून देता येईल.

पहिलं वर्ष जड जातं. वर्गातल्या गावाकडच्या मुलींना भाताचं रोप आणि त्यातलं तण लांबून वेगळं ओळखता येतं, आपल्याला हातात घेऊनही कळत नाही. पण मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पतिरोगशास्त्र, आनुवंशिकी हे विषय सगळ्यांनाच नवे असतात. तिथे शहर-गाव असा फरक राहत नाही.

खरं शिक्षण होतं ते चौथ्या वर्षी, ग्रामीण कृषी कार्यानुभवात. मुलींचा गट एका गावात राहतो आणि प्रत्येकीला एक शेतकरी कुटुंब जोडून देतात. आम्ही खरिपाच्या तोंडावर भाताच्या बियाण्याची मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करून दाखवली. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि त्यात बियाणं ओतून ढवळायचं. पोचट आणि रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेलं भरीव बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. खर्च म्हणाल तर मिठाच्या पुडीचा. मी ज्यांच्याकडे राहत होते त्या काकांनी तरंगलेलं बी ओंजळीत घेतलं, चोळून पाहिलं आणि म्हणाले, "दरसाल हे पण पेरतो व्हय आम्ही?" त्यानंतर त्यांनी शेजारच्या तिघांना बोलावून माझ्याकडून पुन्हा करून घेतलं. माझं करिअर त्या बादलीजवळ ठरलं.

मुलींच्या फिरतीबद्दल: हो, देतात, आणि करावी लागते. दुचाकी यायलाच हवी. बायकांच्या बचत गटांपर्यंत पुरुष कर्मचारी पोहोचतो त्यापेक्षा आम्ही जास्त पोहोचतो. लावणी, बेणणी, कापणी, बियाणं राखून ठेवणं ही कामं घरच्या बाईच्या हातात असतात. तिच्याशी बोलायला बाई असली की चुलीपाशी बसून बोलणं होतं.

कढीपत्ता

तुमचं नाव वाचून भूक लागली. पदार्थ आहे का हा?

बोर्डो_मिश्रण

खाऊ नका बरं! बुरशीनाशक आहे. एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपात विरघळवायचे आणि मग एकत्र करायचे. लोखंडी खिळा किंवा ब्लेड त्यात बुडवून बघायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. तसंच फवारलं तर पानं करपतात. सुपारीच्या कोळेरोगाला कोकणात पावसाळ्यापूर्वी हेच मारतात. मला प्रात्यक्षिक परीक्षेत हेच आलं होतं, म्हणून नाव घेतलं.

वाशी_गाळा

धागा उघडल्याबद्दल मुलुंडच्या ताईंचे आभार. माझं फळांच्या निर्यातीचं काम आहे, वाशीत. मी माणसं घेतो, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

२०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने आपल्या आंब्यावर बंदी घातली होती, आठवत असेल. कारण फळमाशी. बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली. त्यानंतर युरोपला जाणारा आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं बुडवून काढायची पद्धत आली. जपानला बाष्प प्रक्रिया लागते. अमेरिकेला २००७ पासून विकिरण केलेला आंबा जातो. आंब्याच्या बंदीआधी, २०१० मध्ये, द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात माल अडकला होता. बागायतदार, निर्यातदार सगळेच हादरले. यातलं प्रत्येक संकट शेवटी येऊन पोहोचतं ते कीटकशास्त्र आणि रसायनशास्त्र कळणाऱ्या माणसापाशी. कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, नमुना बागेतल्या कोणत्या भागातून घ्यायचा, सापळे कधी लावायचे, हे बागेत जाऊन सांगणारा माणूस मला हवा असतो. पुढे त्याची कागदपत्रं नीट भरणाराही हवा असतो. युरोपच्या द्राक्षाला तर बाग नोंदवण्यापासून पेटीपर्यंत माग लावता आला पाहिजे.

असे पदवीधर मला मिळत नाहीत. पदवी असलेले खूप मिळतात. मुलाखतीत मी फळमाशी आणि फळ पोखरणारी अळी यांचे फोटो समोर ठेवतो आणि नुकसान कसं वेगळं दिसतं ते विचारतो. तिथेच निम्मे अडखळतात. ज्या मुलीला रोग-किडींची आवड आहे ती माझ्याकडे आली तर सातबारा विचारण्याचा प्रश्नच येत नाही. पगार सुरुवातीला आयटीएवढा नसतो हेही सांगतो, नाहीतर ताई नंतर मला बोल लावतील.

पांढरा_कांदा

मी अलिबाग तालुक्यातला शेतकरी, भाताच्या मागे पांढरा कांदा करतो. इथे सगळे कौतुक करतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. सरकारी कॉलेजात जागा मर्यादित आहेत. आमच्या पोरांना क्लास परवडत नाहीत, सीईटीत शहरातली पोरं पुढे जातात. ती शिकून पुढे बँकेत नाहीतर एमबीएला जातात आणि गावाला कृषी सहायक वर्षानुवर्षं मिळत नाही. मग ही विद्यापीठं कुणासाठी काढली?

निवृत्त_मास्तर

पांढरा कांदा, तुमच्या प्रश्नाला बगल देणार नाही. मी कृषी महाविद्यालयात आयुष्यभर शिकवलं, आता बोरिवलीला मुलाकडे असतो.

राज्यात राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२ अशी चार विद्यापीठं उभी राहिली ती शिक्षण, संशोधन आणि विस्तार (म्हणजे ते ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोहोचवणं) या तिन्ही कामांसाठी. शेतकऱ्याच्या मुलाचा विचार प्रवेशात केलेला आहे. सातबारा असणाऱ्यांना गुणांचा अधिभार मिळतो. ७० टक्के जागा त्या त्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातल्या मुलांसाठी आणि ३० टक्के बाहेरच्यांसाठी असतात. मुंबई दापोलीच्या कार्यक्षेत्रात येते, म्हणजे मुलुंडची मुलगी दापोलीला परकी नाही. पण अधिभार देऊनही क्लासची दरी भरत नाही, हे तुमचं म्हणणं मी वर्गात डोळ्यांनी पाहिलं आहे.

मला त्याहून जास्त सलतं ते वेगळंच. शिकवणाऱ्यांच्या जागा रिकाम्या राहतात. तासिका तत्त्वावर तरुण मुलं नेमतात, ती बिचारी सहा महिन्यांच्या पगाराच्या भरवशावर चार-चार विषय शिकवतात. प्रक्षेत्रावर, म्हणजे कॉलेजच्या शेतावर, मजूर नाहीत म्हणून प्रात्यक्षिक फळ्यावर होतं. कलम बांधणं फळ्यावर कसं शिकवणार? कोय कलमाला कोय फुटून रोप कोवळं, तांबूस पानांचं असतानाच कलम करायचं असतं. तो कोवळेपणा बोटाला कळावा लागतो. तिरका काप एका दमात, हात न थरथरता, आणि काडी त्याच जाडीची. माझ्या शिक्षकांनी माझ्याकडून पन्नास कलमं करून घेतल्याशिवाय जेवायला सोडलं नव्हतं. 'रत्ना' आंबा नीलम आणि हापूसच्या संकरातून झाला, त्यातून पुढे 'सिंधू' झाला. वेंगुर्ल्याचे काजूचे वाण आज गोव्यापर्यंत आहेत. ही कामं अशा हातांनी केली. शहरातलं मूल असो वा गावातलं, त्याला असे हात मिळत नसतील तर तो अन्याय दोघांवर सारखाच आहे.

म्हणून मुलुंडच्या आईंना सांगतो: कॉलेज निवडताना इमारत बघू नका. प्रक्षेत्र किती आहे, पाणी आहे का, विषयांना पूर्णवेळ प्राध्यापक किती, हे विचारा. खाजगी कॉलेज असेल तर आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) अधिस्वीकृती आहे का ते पहिलं तपासा. पुढे बाहेरच्या राज्यात एमएस्सीला जाताना ती विचारली जाते. आणि शक्य असेल तर सध्या तिथे शिकत असलेल्या मुलींशी प्राचार्यांच्या माघारी बोला.

पांढरा_कांदा

सर, पटलं. राग मुलींवर नाही, माणूस मिळत नाही त्याचा आहे. शिकलेलं कुणीही येवो, बांधावर यायला पाहिजे.

बँकवाली_कृषी

बांधावर आम्हीही जातो हो! बँकांमध्ये कृषी क्षेत्र अधिकाऱ्याचं पद असतं, बँकभरती घेणाऱ्या आयबीपीएसची वेगळी परीक्षा होते आणि तिला कृषी किंवा संलग्न शाखेची पदवीच लागते. म्हणजे इतर पदवीधरांची गर्दी तिथे नसते. किसान क्रेडिट कार्ड, ठिबकचं कर्ज, गोठ्याचं कर्ज, पॉलिहाऊसचं कर्ज, सगळ्याला आधी पाहणी लागते. मी कांदिवलीची, पहिली नेमणूक विदर्भात. आई रडली होती. पण कपाशीच्या शेतात उभं राहून कर्जाची रक्कम ठरवताना मला पदवीचा एक-एक विषय आठवायचा. नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेचं मुख्यालय तर आपल्या बीकेसीतच आहे, त्यांच्या परीक्षेतही शेतीवर मोठा भर असतो.

सातबारा_नाही

थोडं विषयांतर. मी अंधेरीचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे. पन्नाशीत कर्जतकडे एक-दोन एकर घ्यायची इच्छा आहे. एजंट म्हणतो "सगळं करून देतो". कुणाला अनुभव?

नांगरट

एजंटला लांबून नमस्कार करा. महाराष्ट्रात कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. खोटे शेतकरी दाखले जोडून केलेले व्यवहार पुढे रद्द होतात आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. वडील-आजोबांच्या नावे कुठे जमीन होती का ते जुन्या फेरफारांतून शोधा, आणि नंतर वकील गाठा. भाडेपट्ट्याचं ठरवत असाल तरी आधी वकीलच.

सदाफुली

मुलुंडच्या ताई, तुमच्या आजेसासऱ्यांचेही फेरफार काढून ठेवा बरं. लेक कृषी पदवीधर झाली की आठवण काढेल.

माटुंगा_रोड

मुंबईत शेतीचं काय काम, असं वाटणाऱ्यांसाठी लिहितो. माटुंग्याला अडेनवाला रोडवर कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, १९२४ पासून. कापसाच्या धाग्याची लांबी, ताकद, तलमपणा यांचं मोजमाप तिथे होतं. वर्सोव्याला १९६१ पासून मत्स्यशिक्षण संस्था, तिथे पदव्युत्तर आणि पीएचडी. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्साराने उत्परिवर्तन घडवून भुईमुगाचे वाण काढलेत. टीएजी-२४ हा अकोल्याच्या विद्यापीठाबरोबर केलेला, शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. महापालिकेच्या उद्यान खात्यालाही कृषी-उद्यानविद्येचे पदवीधर लागतात. पावसाळ्याआधी कोणतं झाड धोकादायक आहे, कोणती फांदी किती छाटायची, हा निर्णय माहीतगारानेच घ्यायला हवा. नाहीतर दरवर्षी आपण बघतोच, निष्पाप झाडं बोडकी होतात आणि पोखरलेली उभी राहतात.

मिरची_पूड

कुणी कृषी सेवा केंद्राबद्दल लिहिलं नाही. खत-बियाणं-औषधांच्या दुकानाला शिकलेला माणूस लागतो, म्हणून काही पदवीधर आपलं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानाला वर्षाच्या भाड्याने देतात. काउंटरवर भलताच माणूस बसून औषध देतो. माझ्या मामाची मिरची अशाच सल्ल्याने गेली. एकाच पंपात तीन औषधं मिसळायला सांगितली होती. ताई, लेकीला पाठवा, पण पहिल्या दिवशी एवढं सांगून ठेवा की प्रमाणपत्र कुणालाही वापरू द्यायचं नाही.

बोर्डो_मिश्रण

मिरची_पूड, अगदी मनातलं. आणि स्वतः केंद्र काढायचं असेल तर २००२ पासून अ‍ॅग्री-क्लिनिकची योजना आहे. कृषी पदवीधरांना ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण, मग बँक कर्जावर अनुदान. सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. माती परीक्षण, रोपवाटिका, सल्ला केंद्र असं बरंच त्यात बसतं. रोपवाटिकेलाही जागा लागतेच, पण भागीदारीत गावातली मैत्रीण असली की जमतं. माझ्या दोन वर्गमैत्रिणींनी असंच केलंय, एकीची जागा आणि दुसरीचं भांडवल.

विक्रमगड-जव्हारकडचा मोगरा पहाटे दादरच्या फुलबाजारात येतो, तो नक्की बघा. काही वर्षांपूर्वी जी कुटुंबं भात झाल्यावर वीटभट्टीवर जायची, त्यांतली काही आता मोगऱ्याच्या कळ्या खुडायला घरीच थांबतात. छाटणी कधी, पाणी कधी तोडायचं, कळी कोणत्या वेळी खुडायची, हे त्यांना बांधावर जाऊन कुणीतरी शिकवलं. शेतीच्या शिक्षणाचा उपयोग काय, असं मला कुणी विचारलं की मी त्या घरांचा पत्ता देते.

मुलुंडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर पूर्ण धागा मोठ्याने वाचला. सासूबाईंनी मिठाच्या पाण्याचा भाग परत वाचायला लावला. त्यांच्या माहेरी राखेत बी ठेवायचे, असं सांगत होत्या. विरोध मावळलाय असं नाही म्हणणार, पण प्रश्न बदललेत. आता विचारतात, "दापोलीला वसतिगृहात जेवण कसं असतं?"

लेकीचे दोन प्रश्न आहेत. एक, अ‍ॅग्रीसाठी सीईटीला गणित लागेल का? दोन, प्रवेशाआधी शेतातलं काम जवळून बघता येईल अशी मुंबईपासून जवळची जागा कोणती? तिला आधी खात्री करून घ्यायचीय.

निवृत्त_मास्तर

पीसीबी आणि पीसीएम दोन्ही गट चालतात, तिला गणिताची सीईटी वेगळी द्यायची गरज नाही. नीट देणारच असेल तर पशुवैद्यकीयचा पर्यायही उघडा राहतो, कारण त्याचा प्रवेश नीटवर होतो. अर्ज भरताना उद्यानविद्या, वनशास्त्र, मत्स्यशास्त्र यांची माहितीपुस्तिकाही वाचा. झाडांच्या ओढीने येणाऱ्या मुलीला उद्यानविद्या कदाचित जास्त भावेल. आणि वसतिगृहाच्या जेवणाची काळजी नको, कोकणात आहे, भात-आमटी पोटभर मिळते.

बोर्डो_मिश्रण

जागा दोन सांगते. मुलुंडहून कर्जत लोकल थेट आहे. तिथे विद्यापीठाचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे, भाताचे कर्जत नावाचे वाण तिथलेच. जुलैत लावणीच्या वेळी जा, आधी फोन करून परवानगी घ्या. दुसरं कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र, डहाणू तालुक्यात. विरारहून डहाणू लोकल आणि पुढे रिक्षा. घोलवड-डहाणूच्या चिकूच्या बागाही वाटेत बघून होतील. जुने कपडे आणि ग्रिप असलेल्या चपला घाला. आणि चिखलात उतरून एक ओळ तरी स्वतः लावून बघायला सांगा. दुपारी कंबर धरल्यावरही तिला तिथेच थांबायचं असेल तर अर्ज भरा.

पांढरा_कांदा

कांद्याची लागण बघायची असेल तर भात निघाल्यावर अलिबागला या. रेवसची बोट किंवा मांडवा, कुठूनही. सासूबाईंनाही आणा, माझ्या आईला राखेतल्या बियाण्यावर बोलायला कुणीतरी हवंच आहे.

मुलुंडची_आई

नक्की येतो दादा. तिघी येतो.